मागच्या सीटवरचा बेल्ट: तुमच्या घरी कोणी लावतं का?

बोरीकाठचा (शनिवार, रात्री १०.१५)

परवा शहाद्याला लग्न होतं. गाडीत आम्ही पाच जण. मी चालवायला, शेजारी मोठे भाऊ, मागे आबा, आई आणि बायको. अमळनेरहून पहाटेच निघालो, दोंडाईचा, सारंगखेडा असं करत. दोंडाईच्याच्या अलीकडे शेतरस्त्यावरून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट सरळ हमरस्त्यावर आला. ना दिवा, ना मागे लाल पट्टी. मी ब्रेकवर उभाच राहिलो. धडक झाली नाही, हातभर अंतर राहिलं.

पुढे आम्ही दोघं बेल्टमध्ये होतो, आम्हाला झटक्यापलीकडे काही झालं नाही. मागे मात्र आई भावाच्या सीटवर तोंडावर आदळली, ओठ फुटला. आबांच्या कपाळाला टेंगूळ. बायकोने हात पुढे टेकवला, तर मनगट सुजलं. नुसत्या ब्रेकने एवढं. लग्नात जो तो विचारतोय, "काय झालं हो?" आणि आई पदराने ओठ झाकून बसलेली.

परतताना म्हटलं, आता मागेही बेल्ट लावा. आबा म्हणाले, "मी काय गोऱ्हा शे का रे, दाव्याले बांधाले?" आणि विषय संपला. त्यातून शोधलं तर बेल्टची बक्कलंच सापडेनात. सीट कव्हर बसवताना ती कुठे गेली देव जाणे.

तर प्रश्न असा: तुमच्या घरची म्हातारी माणसं, पाहुणे, बायकामुलं मागे बसल्यावर बेल्ट लावतात का? लावत असतील तर तुम्ही त्यांना कसं पटवलंत?

शेवभाजी_स्पेशल

पहिला! पटवायचं कसं ते माहीत नाही, पण पोलीस दिसला की लावायचा हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

आडमुठा

मी तीस वर्षं गाडी चालवतोय. आधी फियाट, मग जीप, आता ही. मागच्या सीटला बेल्ट लावलेला माणूस मी अख्ख्या जळगाव जिल्ह्यात बघितलेला नाही. आधी रस्ते नीट करा म्हणावं. फागणे–तरसोद महामार्गाच्या चौपदरीकरणाची आपण किती वर्षं वाट पाहिली? खड्ड्यात गाडी गेली तर बेल्ट काय करणार?

शिवाय बेल्ट लावून माणूस अडकतो. माझ्या मित्राची गाडी पाटात गेली होती. बेल्ट नव्हता म्हणून दार उघडून बाहेर पडला. असता तर बुडाला असता.

पांझरा_मास्तर

आडमुठेभाऊ, रस्त्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण रस्ता वाईट असेल तर बेल्ट जास्त लागेल की कमी?

मी धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. पोरांना वेगाचा हिशोब नुसत्या सूत्राने कळत नाही, म्हणून मी विहिरीने सांगतो. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी भिंतीवर थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा तडाखा म्हणजे कोरड्या विहिरीत साधारण २० फुटांवरून पडणं. ६० चा वेग असेल तर विहीर ४५ फुटांची. ८० ला ८० फुटांच्या वर जाते. वेग दुप्पट केला की विहीर चौपट खोल होते, ही गंमत लक्षात घ्या.

पोरांना विचारतो, ४५ फुटी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसाल का? नाही म्हणतात. मग त्याच पोरांचे वडील शाळेच्या दारात गाडी आणतात आणि पोरगं पुढच्या दोन सीटांच्या मधे उभं असतं.

केळीचा_घड

मास्तर, ४५ फूट म्हणजे काहीच नाही. आमच्या रावेरकडे एवढ्यात पाणीसुद्धा लागत नाही. :)

शेवभाजी_स्पेशल

८० फुटांची विहीर आणि कोरडी. म्हणजे आमच्या काकांचीच.

रातपाळी

मी परिचारिका आहे, गाव सांगत नाही. अपघात विभागात बरीच वर्षं काढली. बोरीकाठच्या, तुमच्या आईंच्या ओठावर निभावलं हे नशीब समजा.

आमच्याकडे १०८ मधून माणूस येतो तेव्हा बेल्ट होता की नव्हता हे विचारायच्या आधीच बऱ्याचदा दिसतं. बेल्ट असेल तर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा काळानिळा वळ असतो, अगदी जानव्यासारखा. आम्ही आपसात "जानवं आहे" असंच म्हणतो. जानवं दिसलं की पोटात आत काही लागलंय का ते बघावंच लागतं, कारण तोच पट्टा पोटावर दाबला गेलेला असतो. पण तो माणूस बहुतेक वेळा बोलत असतो, नाव सांगत असतो, बायकोला फोन लावा म्हणत असतो. बेल्ट नसलेल्याचं तोंड काचेवर गेलेलं असतं, नाहीतर छाती स्टिअरिंगवर.

आणि मागचा माणूस. याच्यावर कोणी बोलत नाही. मागे बेल्ट न लावता बसलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर जाऊन आदळतो. पुढे बसलेल्याने बेल्ट लावलेला असला तरी मागून एवढं वजन आलं की तो बेल्ट आणि सीट यांच्यामधे चेपला जातो. असं एक जोडपं मी पाहिलंय. नवरा पुढे, बेल्ट व्यवस्थित. सासूबाई मागे, त्याच्या बरोबर पाठीशी. जास्त लिहीत नाही.

आडमुठेभाऊ, तुमच्या मित्राबद्दल: जे वाचले ते पारावर येऊन सांगतात. जे वाचले नाहीत त्यांचं कोण सांगणार? गाडी पाण्यात पडणं किंवा पेट घेणं हे एकूण अपघातांत फार थोडं. आणि तेव्हाही आदळून बेशुद्ध झालेला माणूस दार कसा उघडेल? बेल्टमुळे शुद्धीवर राहिलात तर बक्कल दाबायला हात मोकळा असतो.

माहेर_एरंडोल

रातपाळीताई, वाचून काटा आला. मी पुण्यात असते. गेल्या दिवाळीत एरंडोलला आले तेव्हा भाचीला मांडीवर घेऊन पुढे बसले होते, दादा म्हणाला पोरगी रडते, पुढे घेऊन बस. मांडीवर मूल घट्ट धरलं तर चालतं ना?

पांझरा_मास्तर

नाही हो ताई. ५० च्या वेगात धडक झाली तर १० किलोचं मूल क्षणभर साधारण दीड क्विंटलच्या गाठोड्याइतक्या जोराने पुढे जातं. कापसाचं तेवढं गाठोडं एका हाताने धरून दाखवणारा माणूस मला भेटायचाय. आणि पुढे एअरबॅग असेल तर आणखी वाईट. ती फुटते तेव्हा ताशी २००–३०० किलोमीटरच्या वेगाने अंगावर येते. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला दिलेली आहे, त्याच्या जागी नाही. बेल्ट नसला की आपण तिच्यावर जाऊन आदळतो आणि ती आपल्यावर.

लहान मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीत. १४ वर्षांखालच्या मुलांबद्दल मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने वेगळी तरतूदच आहे, कलम १९४ब.

माहेर_एरंडोल

आणि पोटुशी असेल तर? वहिनीला सातवा आहे. सगळे म्हणतात पट्टा बाळाला दाबेल.

रातपाळी

लावायचाच. फक्त नीट. कमरेचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर चपटा बसवायचा, पोटावरून कधीच नाही. खांद्याचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने खाली. पट्ट्याला पीळ नको. साडी असेल तर पदर पट्ट्याच्या वर काढून घ्या, खाली गोळा झाला की पट्टा सरकतो. आईला वाचवलं तर बाळ वाचतं.

काळीपिवळी

मी टॅक्सी चालवतो, शहादा–धडगाव पट्ट्यात. सगळे कारवाले बोलतायत म्हणून राहवलं नाही.

माझ्या गाडीत मागे आडवी बाकडी आहेत. समोरासमोर तोंड करून लोक बसतात. तिथे बेल्टच नाही, येतच नाही. परमिटवर जेवढी माणसं लिहिलीत त्यापेक्षा जास्त बसतात हे मी कबूल करतो. बाजाराच्या दिवशी पाच वाजल्यानंतर धडगावला जायला दुसरं काही नसतं. मी नाही घेतलं तर बाई पोर काखेत घेऊन चांदसैली घाटात चालत जाईल का? तुम्ही म्हणाल बेल्ट लाव. कुणाला लावू, कोंबड्यांच्या टोपलीला?

मी स्वतः लावतो. पुढे शेजारी बसणाऱ्यालाही लावायला सांगतो. तिथे दोघं बसले की तेही जमत नाही.

पांझरा_मास्तर

भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि आमच्याकडे त्याला उत्तर नाही. नियमातही मागच्या सीटचा बेल्ट समोर तोंड असलेल्या सीटसाठीच सांगितलाय. आडवं बाकडं त्यातून सुटतं.

केळीचा_घड

यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या शेजारी यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला. वर मजूर बसले होते, रावेरकडचे, बायका आणि लेकरंसुद्धा. रात्रीचा प्रवास करून घरी येत होते. आम्ही केळीवाले आहोत, आमच्याकडेही घड तोडायला टोळी येते आणि मालाच्या गाडीवर बसूनच परत जाते. त्या दिवसानंतर मी टोळीसाठी वेगळी गाडी करतो. भाडं जास्त जातं. शेजारचे हसतात.

आडमुठा

केळीचा_घड, यासाठी तुम्हाला सलाम. मनापासून.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. आणि आणखी एक सांगू? मे महिन्यात भुसावळला दुपारी गाडीत बसा. ते बक्कल हाताला असा चटका देतं की तव्यावरून भाकरी काढल्यासारखं. वर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. लग्नाच्या मांडवात उतरायचं तर छातीवर मळका तिरपा पट्टा उमटलेला. लोक विचारतात, निवडणुकीला उभे आहात का?

शेवभाजी_स्पेशल

हे मात्र खरं. माझ्या मेहुण्याने नवरदेवाच्या गाडीत बेल्ट लावला आणि फोटोत सगळीकडे शेरवानीवर तो पट्टा. वधूपक्षाला वाटलं उपरणं आहे.

पाना_पक्कड

जळगावला गॅरेज आहे माझं. इस्त्रीवाल्यांसाठी: पट्टा मळका असतो कारण तुम्ही तो कधी लावत नाही, धूळ बसत राहते. पूर्ण बाहेर ओढा, साध्या साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, सावलीत वाळू द्या. आत जायच्या आधी वाळलाच पाहिजे. ॲसिड, ब्लीच लावू नका, धागा कमजोर होतो.

आता "बेल्ट जाम झाला" म्हणून जे येतात त्यांच्यासाठी. हळू ओढला तर येतो, हिसका दिला तर अडकतो, तो तसाच बनवलाय. गुंडाळीच्या आत बारकी गोळी किंवा लोलक असतो. गाडी झटक्यात थांबली किंवा कलली की तो सरकतो आणि दातेरी चाक अडवतो. गाडी उतारावर तिरकी लावली असेल तर म्हणूनच पट्टा निघत नाही. सपाटीवर घ्या, सोडून द्या, परत ओढा. शंभरातले नव्वद बेल्ट असेच "दुरुस्त" करून मी चहा पिऊन पाठवतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत पुढच्या बेल्टला बारीक बारूद असते, धडकेच्या क्षणी ती पेटून पट्टा मागे खेचून घट्ट करते. ती एकदाच चालते. धडक खाल्लेल्या गाडीचा बेल्ट बदलायचा. भंगारातला जुना आणून बसवा म्हणून सांगतात, मी नाही बसवत. ताणलेला धागा डोळ्याला दिसत नाही.

आणि बोरीकाठच्या, बक्कलं सीटच्या फटीत कव्हरखाली दाबलेली असणार. कव्हर बसवणारा पोरगा घाईत असतो, भोकं पाडत नाही, सरळ वरून शिवून टाकतो. सीटचं बसायचं फळकं पुढून वर उचला, बहुतेक गाड्यांत दोन खटक्यांवर असतं. खाली मिळतील.

शेवभाजी_स्पेशल

पाना_पक्कडभाऊ, बेल्ट लावला नाही की वाजते ती टूंटूं बंद करायची क्लिप मिळते का तुमच्याकडे? मित्रासाठी विचारतोय.

पाना_पक्कड

मित्राला सांगा, मिळत नाही. पुढच्या दोन सीटना ती टूंटूं १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत सक्तीची केली ती काही गंमत म्हणून नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या क्लिपा विकणं बंद करायला लावलं. एका गिऱ्हाइकाने त्या क्लिपला बाटली उघडायचं साधन म्हणून दाखवलं होतं. एकाच वस्तूत दोन्ही सोयी.

माहेर_एरंडोल

😂 आता कळलं अपघात का होतात.

पांझरा_मास्तर

थोडं अवांतर. हा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा निल्स बोलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९५९ साली व्होल्व्हो कंपनीत बनवला. त्याआधी तो लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. म्हणजे माणूस बाहेर कसा फेकायचा ते शिकलेल्यानेच माणूस आत कसा ठेवायचा ते शोधलं. कंपनीने पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

त्याआधी नुसता कमरेचा पट्टा असायचा. काही जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या सीटला अजून तसाच असतो. काहीच नसण्यापेक्षा बरा, पण म्हाताऱ्या माणसाला खिडकीकडे बसवा.

आडमुठा

मास्तर, स्वीडनमध्ये गायी रस्त्यावर बसत नाहीत. बरं, मला एक आकडा दाखवा की मागच्या सीटने फरक पडतो.

पांझरा_मास्तर

घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल. सीट बेल्ट न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं गेली. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे प्रवासी.

आणि नावं हवी असतील तर ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीचा पूल. उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. मागचे दोघंही गेले, पुढचे दोघं वाचले. गाडी महागातली महाग होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला.

केळीचा_घड

गोपीनाथराव मुंडेंचं आठवतं का? ३ जून २०१४, दिल्ली. तेही मागेच बसले होते. आमच्या गावात त्या दिवशी कोणी चूल पेटवली नव्हती. पण मागच्या सीटचा बेल्ट काही कोणी लावायला लागलं नाही.

आडमुठा

मुंडे साहेबांचं नाव काढलंत. आता काय बोलू.

काळीपिवळी

एक माहिती हवी होती. मागच्याने बेल्ट लावला नाही तर दंड कोणाला? त्याला की ड्रायव्हरला?

पांझरा_मास्तर

ड्रायव्हरला. १९४ब मध्ये "बेल्ट न लावलेले प्रवासी नेणारा" असंच आहे, कायद्यात रक्कम एक हजार.

शेवभाजी_स्पेशल

म्हणजे मागे सासरा बसला, त्याने बेल्ट लावला नाही, तर हजार रुपये जावयाचे? हा कायदा सासऱ्यांनी केलाय.

माहेर_एरंडोल

मूळ प्रश्नाकडे येते. आमच्याकडे बाबांना पटवायला मी एक केलं. त्यांना पुढे बसवलं, मागे मी. निघताना म्हटलं, बाबा, मी बेल्ट लावला नाही तर ब्रेक लागल्यावर तुमच्या पाठीवर येईन, तुमच्या मणक्याचं आधीच दुखणं आहे. ते लगेच मागे वळून म्हणाले, लाव गं बाई आधी. स्वतःच्या जिवासाठी आपली माणसं ऐकत नाहीत, कंबर दुखायचं मात्र बरोबर समजतं.

सासूबाईंना उलट सांगितलं. म्हटलं, आई, तुम्ही बेल्ट नाही लावला तर पुढे तुमचा मुलगा आहे. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या बसल्या आधी पट्टा शोधतात. मला विचारतही नाहीत मी लावला की नाही, तो भाग वेगळा.

रातपाळी

माहेर_एरंडोल, हे तुमचं औषध मी आता आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांनाही सांगणार.

शेवभाजी_स्पेशल

सासूबाईंचा मुद्दा जास्त आवडला. :D पारोळ्याच्या अलीकडे शेवभाजी कुठे चांगली मिळते हे कोणी सांगेल का? धाग्याला साठाच्या वर वेग आलाय, थोडा ब्रेक.

आडमुठा

धुळ्याकडून येत असाल तर डाव्या हाताला, बाज टाकलेल्या ढाब्यावर. नाव नाही, पाटीही नाही. रस्सा मागितला तर तिखट मागून घ्या.

आणि हो, बायकोने हा धागा वाचला. काल पाचोऱ्याला जाताना तिने मागे बसून बेल्ट लावला आणि मला म्हणाली, "तुम्ही हाकला सावकाश, माझं जाऊ द्या." मत बदललेलं नाही. पण मीही लावला होता. रस्ता खराब होता म्हणून.

बोरीकाठचा (पुढचा रविवार, संध्याकाळी ६.३०)

सगळ्यांचे आभार. पाना_पक्कडभाऊंनी सांगितलं तसं आज सकाळी मागचं फळकं वर उचललं. तीनही बक्कलं तिथेच होती, नवी कोरी, प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. गाडी चार वर्षांची आहे. सोबत शेंगदाण्याची टरफलं, लग्नातल्या अक्षता, पाच रुपयांचं नाणं आणि आईचं एक जोडवं. ते दोन वर्षांपूर्वी हरवलं होतं आणि मोलकरणीवर संशय घेऊन झाला होता. आई गप्प बसून होती. मग उठून तिच्याकडे गेली, चहाची पुडी घेऊन.

कव्हरला ब्लेडने भोकं पाडली. दुपारी आबांना पारोळ्याला न्यायचं होतं. माहेर_एरंडोल ताईंचं वाक्य तोंडावर आणलं, "आबा, पुढे दादा बसलाय." आबा काही बोलले नाहीत. मी पट्टा लावून दिला. धोतर, सदरा, वरून टोपी, आणि पट्टा. मारवडपर्यंत एक शब्द नाही. मग मागून आवाज आला,

"दावं जरा ढिलं वाटस रे. घट कर."

शेवभाजी_स्पेशल

मारवड? पारोळ्याला जाताना? बोरीकाठचा भाऊ, बेल्ट लावलात, रस्ता चुकलात.

बोरीकाठचा

आधी मारवडला आत्याला घ्यायचं होतं हो. तिला मधल्या सीटवर बसवलं. तिच्या पट्ट्याचा वेगळा धागा काढतो.